नऊ ग्रॅम जडपणा

त्या रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक्केचाळीस माणसं होती, सात बादल्या, एक टेबल, टेबलावर पांढरी चादर, धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या आणि एक बाबा. माणसं मी दोनदा मोजली. पहिल्यांदा बेचाळीस भरली, कारण त्यात मी स्वतःला धरलं होतं. मग वाटलं, आपण प्रेक्षक नाही, निरीक्षक आहोत. म्हणून स्वतःला वजा केलं. नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेऊन रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलेल्या मुलीला असं वाटणं साहजिक आहे. तासाभरात माझा हा गैरसमज दूर झाला.

आमच्या भागातलं नळाचं पाणी जड आहे. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, बादलीला आतून कडं पडतं, गिझरची कॉइल दर वर्षी जळते. टॉवेल वाळला की पत्र्यासारखा उभा राहतो. साबणाची वडी झिजते, पण फेस दाखवत नाही. खालच्या मजल्यावरची पार्लरवाली ताई म्हणते, की या पाण्याने धुतलेल्या केसांना ती पुन्हा पैसे घेऊन मऊ करते, म्हणजे नळच तिला गिऱ्हाईक पाठवतो. या सगळ्याला आमच्याकडे एकच शब्द आहे: जड. आणि बाबांचं सगळं दुकान त्या एका शब्दावर मांडलेलं होतं.

बाबांना लोक हलकेबाबा म्हणत. पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरे बूट. या पाण्यात इतके पांढरे कपडे धुऊन निघतात, हाच खरं तर पहिला पुरावा होता. पण तो माझ्या ध्यानात आला नाही.

"पाणी जड, म्हणून अंग जड," बाबा म्हणाले. "अंग जड, म्हणून डोकं जड. डोकं जड, म्हणून संसार जड! खरं की नाही, ताई?"

"अगदी खरं," पहिल्या रांगेतून एक आवाज आला. तो माझ्या आईचा होता.

बाबांनी एका बादलीत साबण घोळला. फेस आला नाही, नुसती करडी साय तरंगली. मग त्यांनी गळ्यातली साखळी काढली. तिच्या टोकाला जाळीच्या पिशवीत मुठीएवढा, काचेसारखा अर्धपारदर्शक खडा होता. डोळे मिटून त्यांनी तो दुसऱ्या बादलीत गोल गोल फिरवला, बाहेर काढला, फडक्याने टिपला आणि पुन्हा गळ्यात घातला. पाणी आधी दुधासारखं गढूळलं. बाबा त्यावर अर्धा तास बोलले. तेवढ्या वेळात गढूळपणा खाली बसला आणि तळाला पांढरा थर आला.

"बघा! जडपणा उतरला! काही खाली बसला, बाकीचा माझ्या खड्याने पिऊन टाकला!"

वरच्या पाण्यात साबण घोळला. फेस असा आला, की चेअरमनकाकांच्या चपला दिसेनाशा झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पार्लरवाली ताई उठून उभी राहिली.

मग बाबांनी आणखी एक बादली हलकी केली. पुढच्या अकरा जणांना त्यातलं एकेक पेलाभर पाणी दिलं आणि चेअरमनकाकांना म्हणाले, "आता ही उचला. आणि ही, हात न लावलेली."

काकांनी दोन्ही उचलल्या. "अरे बाप रे! ही तर कापूस!"

अकरा पेले काढल्यावरही बादली हलकी लागली नसती, तर तो चमत्कार झाला असता. पण मला हे सुचलं ते जिन्यात, घरी जाताना. पार्किंगमध्ये सुचलं ते वेगळंच. मी उभी राहिले.

"एक मिनिट. जड म्हणजे वजनाने जड नव्हे. याला शास्त्रात दुष्फेन पाणी म्हणतात."

"दुष्ट कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"दुष्फेन! ज्यात फेस येत नाही असं. त्यात कॅल्शियमचे क्षार असतात. वजनाचा काही संबंध नाही."

"म्हणजे वजनाने जड असं पाणी नसतंच?" बाबांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण चुकीचं विधान मागे सोडून बसणं मला जमत नाही. "असतं," मी म्हणाले. "पण ते वेगळं. ते अणुभट्टीत वापरतात."

बाबांनी दोन्ही हात वर केले. "ऐकलंत? अणुभट्टी! मी नाही म्हणत, शिकलेली पोरगी म्हणते! जड पाणी कुठे वापरतात? अणुभट्टीत! आणि आपण पितो काय?"

अकरा जणांनी हातातल्या पेल्यांकडे पाहिलं आणि उरलेल्या तीस जणांनी त्या अकरांकडे. त्या दिवसापासून इमारतीत माझं नाव दुष्फेन पडलं. अजूनही लिफ्टमध्ये लोक "काय दुष्फेन, कामावर का?" असं विचारतात.

सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण आईचं प्रकरण वेगळं होतं. तिला रक्तदाब आहे. रोज सकाळी एक गोळी. त्या गोळीने तिचे पाय सुजायचे. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागायचा नाही. हे तिने मला चारदा सांगितलं होतं, आणि चारही वेळा मी "दुष्परिणामांच्या यादीत आहे ते" असं म्हणून तिला माहिती पुरवली होती.

बाबांनी माहिती पुरवली नाही. ते तिच्या पायांशी उकिडवे बसले. "दुखतं का?" त्यांनी विचारलं. "जड वाटतात?"

"हो ना," आई म्हणाली. "पण या वयात पाय जड झालेत म्हणून कुणाला सांगायचीही चोरी!"

बायका खदखदून हसल्या. बाबाही हसले आणि म्हणाले, "गोळी म्हणजे काय? दाबलेला खडू. जडावर जड! माझं हलकं पाणी प्या, गोळी आपोआप सुटेल."

प्रत्येक घराला त्यांनी एक छोटा खडा दिला, पिण्याच्या पाण्याच्या पिंपात लटकवायला. आठवड्याने तो विरघळून "आपल्या धामी" जाई, की दुसरा घ्यायचा. घरी आल्यावर आईने तो पिंपात सोडला आणि गोळीचे दोन तुकडे केले. "अर्धी घेते," ती म्हणाली, "तुझ्या समाधानासाठी."

मी ठरवलं, व्याख्यान बंद. आता मोजमाप.

पुढच्या रविवारी पार्लरवाल्या ताईकडून केसांचे रंग तोलायचा काटा आणला. पाच किलोपर्यंत ग्रॅमात दाखवतो. पार्किंगमध्ये एका पातेल्यात पाणी घेतलं, सर्वांसमोर वजन केलं आणि आकडा खडूने भिंतीवर लिहिला: ३४१२. "आता बाबा खडा फिरवतील," मी जाहीर केलं. "पेलाभरही कुणी काढायचं नाही. आणि वजनात फरक येईल शून्य."

'शून्य' हा शब्द मी जरा ताणून म्हटला, हे मला आठवतं.

बाबा एक क्षण घुटमळले. पण चेअरमनकाका म्हणाले, "होऊन जाऊ द्या बाबा, दुष्फेनची हौस!" बाबांनी खडा फिरवला, टिपला, गळ्यात घातला. मी पातेलं काट्यावर ठेवलं.

३४२१.

मी पातेलं उचलून पुन्हा ठेवलं. ३४२१. काटा फुंकला, शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. लोक पुढे सरकले.

"किती आलं गं?"

"नऊ ग्रॅम... जास्त."

कुणाला काय म्हणावं ते कळेना. बाबांना कळलं. बाबा कसलेले होते. त्यांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कीव आल्यासारखी मान हलवली. "संशय," ते हळूच म्हणाले. "संशयी माणूस जवळ आला, की पाणी पुन्हा जड होतं. नऊ ग्रॅम! मंडळी, आज तुम्ही संशयाचं वजन डोळ्यांनी पाहिलंत."

टाळ्या मागच्या खेपेपेक्षा मोठ्या होत्या. बाबांना आठ दिवस भाषण करून जे जमलं नसतं, ते मी एका काट्याने करून दाखवलं. "प्रयोगातली चूक आहे," मी सगळ्यांना सांगत सुटले. "काट्याची चूक, थेंबांची चूक..."

"चूक तर आहेच," पार्लरवाली ताई म्हणाली. "पण काटा माझा आहे, बरं का. त्याच्यावर ढकलू नकोस."

त्या संध्याकाळी आईने गोळ्यांची पट्टी कपाटाच्या खणात टाकून खण लावला.

"आई, हे काय?"

"तूच सिद्ध करून दिलंस ना? पाणी तुझ्या डोळ्यांसमोर बाबा म्हणतात तसं वागलं. आता अर्धीसुद्धा नको."

"अगं, ती माझी चूक होती!"

"बाबांची होते तेव्हा भोंदूगिरी, आणि तुझी होते तेव्हा चूक. छान!"

 

पंधरा दिवसांनी आईचं डोकं ठणकू लागलं. मी तिला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पाच मिनिटं थांबून पुन्हा पाहिला. १८८ आणि ११२.

"गोळी चालू आहे ना?"

"आहे," आई म्हणाली.

डॉक्टरांनी पट्टा तिसऱ्यांदा तिच्या दंडाला बांधायला घेतला.

"नाही," आई म्हणाली.

"ताई, असंच राहिलं तर एखाद्या दिवशी अर्धं अंग लुळं पडेल. मेंदूतली नस फुटायला वेळ लागत नाही."

 दवाखान्याच्या जिन्यात आई म्हणाली, "बाबा म्हणालेच होते. जडपणा अंगातून निघताना आधी वर चढतो."

"आई!"

"ओरडू नकोस. हे बघ, खडा खोटा ठरला, तर गोळी घेईन. तुझी शपथ. पण मागच्यासारखं करू नकोस. लोक हसतात तेव्हा मान माझी खाली जाते."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत रंगाचे नमुने तोलताना माझं लक्ष नव्हतं. मनात तेच चाललं होतं: नऊ ग्रॅमची चूक. मग एकदम लक्षात आलं, की गेले दोन आठवडे मी माझ्या एकमेव निकालाला चूक म्हणत फिरतेय. काटा बरोबर होता. थेंब सांडून वजन घटतं, वाढत नाही. चुकलं होतं ते माझं 'शून्य'. पाण्यात खरोखरच नऊ ग्रॅम काहीतरी गेलं होतं. संशयाला वजन असतं, तर आमच्या प्रयोगशाळेची जमीन कधीच खचली असती. मग गेलं काय? पाण्यात काय बुडवलं होतं?

घरी आले आणि चपलांसकट पिंपापाशी गेले. त्या आठवड्याचा खडा बाहेर काढला. दिला तेव्हा अंड्याएवढा होता, आता चिंचोक्याएवढा. त्याच्या धारा गेल्या होत्या, बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागत होता. एक कपचा काढून त्यावर लिंबाचे दोन थेंब टाकले. चर्र करून फसफसला.

धुण्याचा सोडा.

कोपऱ्यावरच्या दुकानातून सोड्याचा पुडा आणला. गरम पाण्यात मावेल तेवढा विरघळवला, गाळला आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी बरणीत बाबांच्या खड्याची सख्खी भावंडं बसली होती. काचेसारखी, अर्धपारदर्शक. आई दूध काढायला आली, तिने बरणी पाहिली आणि दूध न घेताच फ्रिजचं दार लावलं.

रविवारी मी पहिल्या रांगेत बसले. आईच्या शेजारी, हात जोडून. बाबांना गहिवरून आलं.

"आलीस मुली? कळलं ना शेवटी?"

"कळलं, बाबा. एकच शंका आहे. पाण्यातला जडपणा खडा पितो ना?"

"घटाघटा पितो!"

"म्हणजे पाणी हलकं होतं आणि खडा जड होतो?"

"अर्थात! तुला काय सांगू, संध्याकाळपर्यंत माझ्या मानेला ओढ लागते. हत्तीएवढा जड होतो खडा!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" मी विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. "मग आज पाण्याबरोबर खडाही तोलू. आणि फडकंही. संशय नको म्हणून मी काट्याला हातच लावत नाही. आकडे ताई वाचेल, खडूने काका लिहितील. मी तिकडे फाटकापाशी जाऊन उभी राहते."

आणि मी गेले. बाबांच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं. "खडा तोलायचा नसतो," ते म्हणाले. "त्याची शक्ती..."

"का हो?" आई म्हणाली. तिचा आवाज फाटकापर्यंत आला. "मागच्या वेळी पाणी तोललं तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत. माझी पोरगी तोंडावर पडली ते चाललं. आता तर ती लांब उभी आहे. तोला की."

"तोला, तोला!" मागून आवाज आले. ज्यांनी संशयाचं वजन पाहून टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांना आता हत्तीचं वजन पाहायचं होतं. बाबांनी साखळी उतरवली.

ताईने एकेक वस्तू ठेवून मोठ्याने वाचलं. काकांनी भिंतीवर लिहिलं. पातेलं पाण्यासकट ३४०५. खडा २१४. फडकं ३८. मग बाबांनी खडा फिरवला. या वेळी जरा लवकर बाहेर काढायला लागले, तर काका म्हणाले, "मागच्याइतकाच वेळ, बाबा." टिपून झाल्यावर पुन्हा वजन.

"पातेलं... ३४१५," ताईने वाचलं. "दहा वाढले."

"दुष्फेन फाटकापाशीच आहे!" कुणीतरी ओरडलं.

"फडकं ३९. खडा..." ताई वाकली. "२०३."

काका खडू धरून थांबले. "म्हणजे किती?"

"अकरा कमी," आई म्हणाली. ती उभी राहून भिंत वाचत होती. "खड्याचे अकरा गेले. दहा पाण्यात आले, एक फडक्याला लागला. जडपणा तुमचा खडा पीत नाही हो. आम्ही तुमचा खडा पितोय."

मी फाटकापाशी उभी होते आणि हे वाक्य माझं असायला हवं होतं, असं मला वाटून गेलं. त्याची नोंद इथे प्रामाणिकपणे करते.

बाबा म्हणाले, की आज ग्रहमान बरं नाही. मग म्हणाले, की काट्यावर केसांचे रंग तोलतात, तो अशुद्ध आहे. ताईने कमरेवर हात ठेवले. "मागच्या वेळी शुद्ध होता का? तेव्हा नऊ ग्रॅम बरे आवडले!" बाबांनी साखळी उचलली, चादर उचलली, साबणाच्या वड्याही खिशात घातल्या. फाटकातून जाताना माझ्याजवळ थांबले. "पोरी, शिकून फार डोईजड झालीस," ते म्हणाले. पांढऱ्या बुटांना पार्किंगमधलं गढूळ पाणी लागलं होतं.

मग मी बरणी आणली. या वेळी दुष्फेन हा शब्द काढला नाही.

"हा धुण्याचा सोडा. पाण्यातल्या कॅल्शियमचा त्याच्याशी मिळून चुना-खडूसारखा गाळ होतो आणि तळाशी बसतो. मग साबणाला अडवणारं कुणी उरत नाही, म्हणून फेस येतो. धुण्यासाठी उत्तम. माणसं वर्षानुवर्षं वापरतात, गळ्यात न घालता."

"म्हणजे मी महिनाभर सोडा प्यायले?" ताईने विचारलं.

"हो. आणि त्यात सोडियम असतं. आई दिवसाला जितकं पाणी पिते, तितक्यातून चमचाभर मिठाएवढं सोडियम जादा पोटात जात होतं. रक्तदाबाच्या माणसाच्या. वर गोळी बंद."

आता कुणी हसलं नाही. चेअरमनकाकांनी आपल्या खिशातला खडा काढून हळूच कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यांनाही तीच गोळी होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आम्ही सगळे हलक्या कानाचे, म्हणून हलकेबाबांचं फावलं, असं म्हणून मोकळं होता येईल. पण मग माझ्या कानांचं काय? मी भरपूर शिकलेली, आणि मीच आणलेला काटा खरं सांगत असताना मी त्याला खोटं म्हणत होते, कारण त्याने माझा तोरा उतरवला. बाबांना जे आवडलं नाही त्याला ते संशय म्हणाले. मला जे आवडलं नाही त्याला मी चूक म्हणाले. म्हणून एवढंच सांगावंसं वाटतं: कुणी चमत्कार दाखवला, तर आधी काय होईल ते त्याच्याकडून चारचौघांत वदवून घ्या, मग मोजा, आणि आकडा आपल्याविरुद्ध गेला तरी तो पुसू नका. नळाला खपली धरली तर व्हिनेगर लावा. धुण्याला सोडा वापरा. पिण्यात तो घालू नका. डॉक्टर म्हणतात, आमच्या नळाचं पाणी पिण्यासाठी आहे तसंच ठीक आहे. औषधाने त्रास होत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, आणि घरातलं कुणी तो त्रास सांगत असेल तर त्याला यादी वाचून दाखवू नका.

डॉक्टरांनी आईची सुजेची तक्रार नीट ऐकली आणि गोळी बदलून दिली. चपलेचा पट्टा आता लागतो. काल सकाळी, चहाआधी, खुर्चीत पाच मिनिटं शांत बसवून, डाव्या दंडावर मी तिचा रक्तदाब घेतला.

१३२ आणि ८४.